वडवणीतलं ‘गेट बाय’

किस्से गोळा करायला लांब कुठं जावं लागत नाही. बीड जिल्ह्यातल्या वडवणीच्या बसस्टँडमागं एका खताच्या दुकानाची माडी भाड्यानं घ्यायची, जिन्यापाशी ‘स्पोकन इंग्लिश, फक्त मोठ्यांसाठी’ अशी पाटी लावायची आणि गप्प बसायचं. बाकीचं काम लोक करतात! मी सकाळी ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवतो आणि दुपार कलल्यावर ही बॅच घेतो. कॉलेजातली पोरं मी शिकवलेलं विसरतात, मीही त्यांना विसरतो. बॅचमधलं मात्र काही केल्या विसरता येत नाही. मित्र चहाच्या टपरीवर भेटले की म्हणतात, ‘‘काय सर, नवीन काय?’’ आणि माझ्याकडं नवीन काहीतरी असतंच.

आमच्या बॅचचा एक नियम आहे. सोमवारी मी फळ्यावर एक इंग्रजी वाक्प्रचार लिहितो. आठवडाभरात प्रत्येकानं त्याचं एक ‘घरचं वाक्य’ आणायचं. गाइडातलं चालणार नाही, मोबाइलमधलं तर अजिबात नाही. आपल्या घरात, शेतात, धंद्यात खरंच घडलेलं पाहिजे. लोकांनी बोलतं व्हावं म्हणून मी हा नियम काढला. लोक बोलते झाले, आणि मीच गप्प झालो.

त्यातल्या त्यात ‘गेट बाय’नं मला जेवढं गप्प केलं, तेवढं दुसऱ्या कशानंच नाही.

*

तो सोमवार मला चांगला आठवतो. मी फळ्यावर लिहिलं, ‘गेट बाय’. आणि अर्थ सांगितला: हाताशी जे आहे, जेवढं आहे, तेवढ्यावर निभावून नेणं. थाटात नाही, पण अडूनही नाही. वापर कसा करायचा तेही सांगितलं. कशावर भागवलं ते सांगायचं असेल तर पुढं ‘ऑन’, काय हाताशी धरून भागवलं ते सांगायचं असेल तर ‘विथ’, आणि कशावाचून भागवलं ते सांगायचं तर ‘विदाउट’. मग पुस्तकातलं उदाहरण दिलं, ‘शी गेट्स बाय विदाउट अ कार.’ म्हणजे, मोटारीवाचून ती आपलं निभावून नेते.

कुणाच्या चेहऱ्यावर काही उमटेना. मला वाटलं, अवघड गेलं.

पहिल्या बाकावर कौसल्याबाई बसतात. वडवणीजवळच्या एका गावाच्या त्या सरपंच. पन्नाशी ओलांडलेली, पण आवाज ग्रामसभेचा. निवडून आल्या त्या दिवशी त्यांनी नवऱ्याला सांगितलं, ‘‘तुमी आता घरी बसा, खुर्चीवर मी बसते,’’ आणि खरंच बसल्या! साहेबलोक आपल्यासमोर इंग्रजीत बोलून आपल्याच गावाचं ठरवतात, म्हणून त्यांना इंग्रजी शिकायचं होतं. त्यांनी हात वर केला.

‘‘सर, तिला चालता येत न्हाई का?’’

‘‘कुणाला?’’

‘‘ह्या मोटार नसलेल्या बाईला.’’

‘‘येतं की.’’

‘‘मग ह्यात निभवायचं काय हाय?’’ सरपंचबाई म्हणाल्या. ‘‘हे वाक्य ज्यानं लिवलं ना सर, त्यो लई सुखी मानूस असंल!’’

मी फळा पुसला.

*

सरपंचबाईंचं घरचं वाक्य त्याच आठवड्यात आलं, तेही थेट प्रत्यक्षात वापरूनच.

उन्हाळा होता. गावात पाण्याची पाहणी करायला एक मोठे साहेब आले. परप्रांतातले, इंग्रजीशिवाय बोलणं नाही. सरपंचबाईंनी त्यांना घरी बसवून पोहे दिले. साहेबांनी पोह्यांची तारीफ केली आणि विचारलं, ‘‘हाउ डू यू मॅनेज वॉटर?’’

‘‘वुई गेट बाय, सर,’’ बाई म्हणाल्या.

‘‘हाउ?’’

आता आली का पंचाईत! पण बाई डगमगल्या नाहीत. बोटं मोजत त्यांनी सांगितलं. फर्स्ट, आंघोळ. आंघोळीला बाजेवर बसायचं, बाजेखाली घमेलं ठेवायचं. घमेल्यातल्या पाण्यात सेकंड, कपडे. कपड्यांच्या पाण्यानं थर्ड, न्हाणीची फरशी आणि मोरी. साहेब लिहून घेत होते. अगदी भारावून गेले होते बिचारे. म्हणाले, ‘‘वंडरफुल! अँड देन?’’

‘‘देन कढीपत्ता, सर,’’ बाईंनी दारातल्या झाडाकडं बोट केलं. ‘‘इट इज इन युवर पोहे.’’

साहेबांनी बशीत बघितलं. मग झाडाकडं बघितलं. आणि खरं सांगतो, तो माणूस मोठाच म्हणायचा. त्यानं बशी खाली ठेवली नाही. कढीपत्त्याच्या पानासकट पोहे संपवले, उठून बाईंना हात जोडले आणि मगच गाडीत बसला.

*

दुसऱ्या बाकावर रशीदचाचा. वडवणी ते तेलगाव काळीपिवळी जीप चालवतात. त्यांचं इंग्रजी शिकण्याचं कारण ऐकून मी फीच घेतली नाही. त्यांची नात बंगळूरला असते, इंग्रजी शाळेत जाते. ‘‘नातीन फोन पे अंग्रेजी में रोती, सर,’’ चाचा म्हणाले, ‘‘मेरेकू समजताच नै कायकू रोती.’’

चाचांचा किस्सा असा. तेलगावहून भरलेली जीप घेऊन निघाले होते, वाटेत अवकाळीनं गाठलं. गाराच गारा! समोरची काच पांढरी झाली आणि नेमका त्याच वेळी वायपर बसला. थांबावं तर एक बाई पोराला ताप आला म्हणून दवाखान्यात निघालेली. चाचांनी टपावर सामान बांधायची दोरी काढली, वायपरला मधोमध बांधली आणि दोन टोकं दोन्हीकडच्या खिडक्यांतून आत घेतली. डावं टोक एका पैलवान गड्याकडं. उजवं टोक धरायला चाचांच्या मागच्या खिडकीशी एक म्हातारीच बसली होती.

‘‘अम्मा, ये तुमसे नै होता,’’ चाचा म्हणाले.

‘‘आण रं हिकडं!’’ म्हातारीनं दोरी हिसकावली. ‘‘जलम गेला माझा ताक घुसळन्यात!’’

आणि सुरू झालं घुसळण. म्हातारी ओढायची तेव्हा पैलवान सोडायचा, पैलवान ओढायचा तेव्हा म्हातारी. मधेच पैलवानाचा हात ढिला पडला तर म्हातारी खेकसली, ‘‘नीट वढ की रं मुडद्या, त्याला दिसंना!’’ गारांच्या माऱ्यात, काच घुसळत घुसळत ती जीप वडवणीला आली, पोर वेळेत दवाखान्यात गेलं आणि बरंही झालं. पैलवानाचा खांदा दुसऱ्या दिवशीही दुखत होता म्हणे. म्हातारी मात्र उतरून थेट बाजाराला निघून गेली.

चाचांनी वर्गात उभं राहून घरचं वाक्य सांगितलं, ‘‘वुई गॉट बाय विथ वन ओल्ड लेडी!’’

पैलवानाचं नावसुद्धा नाही! पण वाक्य शंभर टक्के बरोबर होतं. पुढच्या बाजारच्या दिवशी तीच म्हातारी स्टँडवर आली. वायपर दुरुस्त झालेला बघून चाचांना म्हणाली, ‘‘दोरी कुठंय? बिनदोरीच्या गाडीचा मला भरवसा न्हाई.’’

*

हे सगळं मी घरी येऊन सांगतो. आमची सौ. बीडजवळच्या पालीची. धरणाच्या पाण्याजवळ वाढलेली, त्यामुळं स्वभावात ऐसपैसपणा. तिनं दोन-तीन दिवस ऐकून घेतलं.

रविवारी दुपारी मी जेवायला बसलो आणि विचारलं, ‘‘आज भाजी काय?’’

‘‘गेट बाय,’’ ती म्हणाली, आणि ताटात ठेचा वाढला.

तेव्हापासून आमच्याकडं ठेच्याला दुसरं नाव नाही. परवा पाहुणे आले होते, त्यांनीही मागून घेतला. ‘‘वहिनी, थोडं गेट बाय वाढा की,’’ म्हणाले.

*

आता मीराचं सांगतो. मीरा आमच्या बॅचमधली सगळ्यात लहान आणि सगळ्यात कमी बोलणारी. बीडला नर्सिंग केलेलं. आई-वडील दर वर्षी दसऱ्यानंतर ऊस तोडायला जातात, ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतात. मीराबरोबर तिची धाकटी बहीण यायची, सोनी. पाचवीतली. ती शेवटच्या बाकावर बसून आपला गृहपाठ करायची आणि मीरा चुकली की हळूच हसायची.

मीराची घाई आम्हाला सगळ्यांना माहीत होती. आई-वडील तोडीला गेले की आजी सोनीला सांभाळायची. त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच आजी गेली. आता दसऱ्यानंतर सोनीला ठेवायचं कुठं? वडील म्हणाले, ‘‘संगं नेऊ.’’ संगं नेऊ म्हणजे शाळा संपली. तिकडं गेलेलं पोर आधी पाणी आणायला लागतं, मग उसाच्या शेंड्यांचं वाढं बांधायला लागतं, आणि मग हातात कोयताच येतो. पुण्याकडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात जागा निघाली होती, राहायला खोली देणार होते. ती नोकरी दसऱ्याच्या आत मिळाली तर मीरा सोनीला स्वतःबरोबर नेणार होती. मुलाखत इंग्रजीत होती. अडलं होतं ते एवढ्यावरच.

तर ‘गेट बाय’चं घरचं वाक्य द्यायला मीरा उभी राहिली. म्हणाली, ‘‘हाफ कोयता कॅन नॉट गेट बाय.’’

आमच्याकडं हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. नवऱ्यानं तोडायचं, बायकोनं मोळ्या बांधायच्या. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम सहसा उभं करत नाही. एका वर्षी ऐन वेळी मीराची आई आजारी पडली आणि वडील अर्धे उरले.

‘‘देन?’’ मी विचारलं.

‘‘देन आय वॉज अदर हाफ, सर.’’

आठवीत होती तेव्हा ती. अख्खा हंगाम बापाच्या बरोबरीनं ऊस तोडला, मोळ्या डोक्यावर वाहून गाडी भरली, आणि परत येऊन नववीत बसली. चाचांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मी मास्तर माणूस, काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, ‘‘सगळ्यात अवघड काय गेलं गं?’’

मीरानं विचार केला. मग मराठीतच म्हणाली, ‘‘परत आल्यावर शाळंत बसायचं, सर. बसून बसून लई पाय दुखायचे.’’

*

मुलाखत जवळ आली तशी बॅचनं मीराला ताब्यात घेतलं. रोज लुटुपुटूची मुलाखत. अध्यक्ष सरपंचबाई, मोठे डॉक्टर रशीदचाचा.

चाचा भुवया चढवून विचारायचे, ‘‘सिस्टर! वन पेशंट, फॉर्टी रिलेटिव्ह्ज. व्हॉट यू डू?’’

‘‘आय विल रिक्वेस्ट देम टू वेट आउटसाइड, सर.’’

‘‘दे आर नॉट लिसनिंग.’’

‘‘आय विल कॉल सिक्युरिटी.’’

‘‘सिक्युरिटी इज आल्सो रिलेटिव्ह!’’

मीरा अडखळली. खरंय, आपल्याकडं हे होऊ शकतं. तिनं अध्यक्षांकडं बघितलं. सरपंचबाई म्हणाल्या, ‘‘त्यात काय इंग्रजी पायजे? त्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्याला खुर्ची द्यायची आन् म्हनायचं, बाबा, ह्यांना सांबाळा. बाकीचे एकूणचाळीस त्योच हाकलतो.’’

हा उपाय मी पुढं कॉलेजच्या पालकसभेत वापरून बघितला. लागू पडतो!

एक प्रश्न मात्र नक्की येणार हे मला माहीत होतं. अवघड प्रसंग कसा निभावला, ते सांगा. सगळीकडं हाच विचारतात. मी त्याचं सुरेख उत्तर तयार केलं. प्रात्यक्षिक परीक्षेच्या वेळी वीज गेली, मी घाबरले नाही, सहकाऱ्यांना धीर दिला, वगैरे. मीरानं ते घडाघडा पाठ केलं. चाचा म्हणाले, ‘‘सर, एकदम फस्क्लास.’’ मलाही तसंच वाटलं होतं.

*

मुलाखत आमच्या माडीवरूनच झाली, माझ्या लॅपटॉपवर. दुपारचे चार. खालच्या दुकानदारानं खताची गाडी उतरवायची थांबवली. सरपंचबाई जिन्यात उभ्या राहिल्या, कुणी वर येऊ नये म्हणून. मी, चाचा आणि सोनी भिंतीला टेकून, कॅमेऱ्यात दिसणार नाही असे बसलो.

पडद्यावर दोघं होते. एक तरुण डॉक्टर आणि एक पांढऱ्या केसांच्या मॅडम, नर्सिंगच्या प्रमुख. मॅडमचं इंग्रजी कडक इस्त्रीचं. चेहराही तसाच. मीरानं नाव-गाव, शिक्षण नीट सांगितलं. इंजेक्शनं, सलाइन, औषधांची मापं, सगळं नीट. मग मॅडमनी तो प्रश्न विचारला.

मीरानं सुरुवात केली. प्रात्यक्षिक परीक्षा होती, वीज गेली... आणि थांबली.

पुढचं आठवेना असं मला वाटलं. मी भिंतीपाशी बसूनच ओठ हलवून पुढचं वाक्य सांगायला लागलो. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. विसरली नव्हती ती. तिला ते सांगायचंच नव्हतं.

‘‘सॉरी, मॅडम,’’ ती म्हणाली. ‘‘धिस इज नॉट माय स्टोरी. आय विल टेल माय स्टोरी.’’

पुढं ती इंग्रजीतच बोलली, तुटक, लहान लहान वाक्यांत. मी मराठीत सांगतोय.

मी अकरा वर्षांची होते. त्या वर्षी घरच्यांनी मलाही संगं नेलं होतं, आम्ही उसाच्या फडावर होतो. वडील ऊस भरून गाडी घेऊन कारखान्यावर गेले होते. बाकीच्या बाया फडाच्या पार त्या टोकाला. कोपीत, म्हणजे आमच्या पाचटाच्या झोपडीत, एका बाईला कळा सुरू झाल्या. जवळ मी एकटीच. हाका मारल्या, कुणाला ऐकू गेल्या नाहीत. बाईला सोडून पळत जावं तर तेवढा वेळ नव्हता.

तरुण डॉक्टर पुढं झुकला. ‘‘मग तू काय केलंस?’’

आमच्या गावच्या उपकेंद्रात नर्सबाई कात्री पाण्यात उकळायच्या, ते मी बघितलेलं होतं. मी चुलीवर पाणी ठेवलं. कात्री नव्हती, तर कोयता घासून उकळला. आईच्या धुतलेल्या लुगड्याचा काठ फाडून तोही उकळला, नाळ बांधायला. बाळ आलं, पण रडेना. निळं पडलं होतं. मी बोटाला फडकं गुंडाळून त्याचं तोंड साफ केलं. पालथं धरून पाठ चोळली. चोळतच राहिले. मग रडलं.

चाचांनी माझं मनगट धरलं होतं, ते मला नंतर कळलं.

डॉक्टरनं विचारलं, ‘‘तुझ्याजवळ तर काहीच नव्हतं. मग हे सगळं कसं केलंस?’’

‘‘विथ व्हॉट वॉज देअर, सर,’’ मीरा म्हणाली. ‘‘आय गॉट बाय.’’

इतकी वर्षं मी ते दोन शब्द शिकवतोय. त्यांचा अर्थ मला त्या क्षणी पहिल्यांदा पुरता कळला, हे सांगायला मला काही कमीपणा वाटत नाही.

मॅडमनी चष्मा काढला. हळू आवाजात विचारलं, ‘‘ती बाई कोण होती?’’

‘‘माय मदर.’’

‘‘आणि बाळ?’’

मीरानं पडद्यावरची नजर काढली आणि भिंतीकडं वळून म्हणाली, ‘‘सोने, हिकडं ये.’’

मी आणि चाचा एकमेकांकडं बघतच राहिलो. रोज शेवटच्या बाकावर बसणाऱ्या ह्या पोरीबद्दल आम्हाला एवढंच माहीत होतं, की तिचं गणित चांगलं आहे.

सोनी उठली. फ्रॉक नीट केला. कॅमेऱ्यासमोर जाऊन शाळेत साहेब आल्यावर उभं राहतात तशी ताठ उभी राहिली आणि सूर लावून म्हणाली, ‘‘गुऽऽड मॉर्निंग, मॅऽऽडम!’’

दुपारचे साडेचार वाजत आले होते. पडद्यावर कुणी हसलं नाही. तरुण डॉक्टर दुसरीकडं बघायला लागला. मॅडम सोनीकडं बघत राहिल्या. खूप वेळ काही बोलल्याच नाहीत. मला वाटलं नेट गेलं.

सोनीलाही बहुतेक तसंच वाटलं. ती स्क्रीनच्या अगदी जवळ गेली आणि जरा मोठ्यानं विचारलं, ‘‘मॅडम, तुमच्या दवाखान्याजवळ शाळा हाय का?’’

मीरा पटकन तिला मागं ओढायला गेली. पण मॅडमनी हात वर करून तिला थांबवलं, चष्मा परत डोळ्यांवर चढवला आणि मुलाखत सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच इंग्रजी सोडून म्हणाल्या,

‘‘हाय की गं! फाटकाच्या म्होरंच हाय.’’